केसपेपरची साक्ष

१९२९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात असाध्य अवस्थेला पोहोचलेल्या काही कर्करोगग्रस्तांना ट्युबरक्युलिन टोचण्यात आले. ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेला अर्क. कर्करोगावर क्षयाचा अर्क कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदवह्यांत होते. आजचा धागा त्या नोंदवह्यांविषयी आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे याविषयी.

प्रयोगामागचे नाव साधे नव्हते. रेमंड पर्ल हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नामवंत जीवशास्त्रज्ञ. लोकसंख्याशास्त्र आणि जैविक सांख्यिकी या विषयांत त्यांचा अधिकार मोठा होता. हॉपकिन्स रुग्णालयात झालेल्या सुमारे ७,५०० शवविच्छेदनांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. त्यांत कर्करोगाचे ८१६ मृत निघाले. या ८१६ जणांशी वय, लिंग, वंश आणि मृत्यूचा काळ जुळणारे, परंतु कर्करोग नसलेले तितकेच मृत त्यांनी तुलनेसाठी निवडले. मग दोन्ही गटांत सक्रिय क्षय किती जणांना होता, हे मोजले. कर्करोगाच्या गटात ६.६ टक्के, तुलनागटात १६.३ टक्के.

फरक अडीच पटींचा होता. योगायोग म्हणून तो झटकून टाकता येण्याजोगा नव्हता. पर्ल यांनी त्यातून असा अर्थ काढला की, क्षय आणि कर्करोग यांच्यात वैर असावे. एक असेल तेथे दुसरा सहसा थारा धरत नसावा. तसे असेल तर क्षयाचा अर्क कर्करोगाला रोखू शकेल. तर्क सरळ होता आणि त्या तर्काच्या टोकाला जिवंत माणसे होती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नोंदी बनावट नव्हत्या. त्या केवळ डॉक्टरांच्या अंदाजावरही बेतलेल्या नव्हत्या. प्रेत उघडून, अवयव डोळ्यांनी पाहून केलेले ते निदान होते. बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. तरीही निष्कर्ष चुकीचा निघाला. असे का झाले हे समजण्यासाठी सत्तर वर्षे मागे जावे लागते.

रुग्णालयाची नोंदवही संशोधनासाठी जन्माला आलेली नाही. कोणाला कोणत्या खाटेवर ठेवले, आहार कोणता दिला, देणगीदारांच्या पैशांचे काय झाले, मृत्यूनंतर प्रेत कोणाच्या स्वाधीन केले, हे लिहून ठेवण्यासाठी ती असे. रोगाचे नाव हा तिच्यातला एक रकाना. त्या रकान्याचा उपयोग विज्ञानाला व्हावा, असा आग्रह नेटाने धरणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हातात दिवा घेतलेली परिचारिका एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी करून दिली, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे. त्यांचे खरे शस्त्र तक्ता हे होते. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी पाहिले की, मृतांची संख्या निरनिराळ्या वह्यांत निरनिराळी लिहिलेली आहे. किती सैनिक मेले याबाबतच एकवाक्यता नाही, तिथे ते कशाने मेले हे कोण सांगणार?

१८६० च्या जुलैमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आणि रोगांची एकच यादी वापरून नोंदी ठेवाव्यात, अशी नाइटिंगेल यांची योजना तेथे मांडली गेली. त्यांच्या पाठीशी विल्यम फार होते. इंग्लंडच्या जन्ममृत्यू निबंधक कार्यालयातील हे गृहस्थ रोगांच्या वर्गीकरणाचे त्या काळातील सर्वांत मोठे जाणकार. लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी नमुने वापरून पाहिले, आकडे प्रसिद्धही झाले. पुढे योजना बारगळली. कारकुनी वाढली, खर्च वाढला आणि रोगांना नावे कोणती द्यावीत यावर डॉक्टरांचे एकमत होईना.

पण योजनेपेक्षा अधिक शिकवणारी आहे ती तिच्या आगेमागे झालेली एक फजिती. नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांविषयीच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत फार यांचा एक तक्ता होता. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्युदर होता ९०.८४ टक्के! म्हणजे दहा जण दाखल झाले तर नऊ जण मेले, असेच कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात हिशेब असा होता: एप्रिल १८६१ मधील एका ठरावीक दिवशी त्या रुग्णालयांत ४,२१४ रुग्ण होते आणि वर्षभरात तेथे ३,८२८ मृत्यू झाले. वर्षभराच्या मृत्यूंना एका दिवसाच्या रुग्णसंख्येने भागले. वर्षभरात दाखल झालेल्या सगळ्या रुग्णांनी भागले असते, तर तोच दर कितीतरी पटींनी खाली आला असता. शिवाय जिल्ह्यांतील छोट्या रुग्णालयांचा दर याच पद्धतीने ३९.४१ टक्के आला होता. लंडनची रुग्णालये घातक असल्याचा तो पुरावा मानला गेला. परंतु अत्यवस्थ रुग्ण मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयाकडेच धाव घेतात, ही बाजू त्यात दिसत नव्हती. वैद्यकीय नियतकालिकांनी या तक्त्यावर कडाडून टीका केली. टीका बरीचशी रास्त होती, असे माझे मत आहे. नाइटिंगेल यांच्याविषयी कितीही आदर असला तरी.

आता निदानाच्या रकान्याकडे वळू. तेथे लिहिलेले नाव खरे की खोटे, हे तपासण्याचे काम बॉस्टनमध्ये रिचर्ड कॅबट यांनी हाती घेतले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील या डॉक्टरांनी १९१० मध्ये एक हजार आणि १९१२ मध्ये तीन हजार शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत सरळ होती. जिवंतपणी डॉक्टरांनी काय म्हटले होते आणि मृत्यूनंतर काय सापडले, हे शेजारी-शेजारी मांडायचे. हे आपल्याच सहकाऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर आणण्यासारखे होते.

कॅबट यांचे आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. शवविच्छेदनात मधुमेह ठरलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्णांत तो जिवंतपणीच ओळखला गेला होता. विषमज्वर ९२ टक्के. येथवर ठीक. जठराचा कर्करोग ७२ टक्के. पण यकृताचा सिरोसिस ३९ टक्के, ब्राँकोन्यूमोनिया ३३ टक्के, मणक्याचा क्षय २३ टक्के आणि मूत्रपिंडाचा तीव्र दाह अवघा १६ टक्के. म्हणजे एकाच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांच्या हातून लिहिल्या गेलेल्या नोंदींत एका रोगाची नोंद जवळजवळ निर्दोष, तर दुसऱ्या रोगाची सहापैकी पाच वेळा चुकलेली.

‘रुग्णालयातील नोंदी विश्वासार्ह असतात का?’ हा प्रश्नच मुळात सदोष आहे, हे कॅबट यांच्या तक्त्यातून दिसते. कोणत्या रोगाची नोंद, असे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मधुमेह लघवीतील साखरेवरून समजे; विषमज्वरासाठी तोवर रक्ताची विडाल चाचणी आली होती. जेथे मोजता येण्याजोगी खूण होती तेथे डॉक्टर बरोबर ठरले. जेथे केवळ कान, बोटे आणि अनुभव यांवर भिस्त होती तेथे घसरले.

तथापि कॅबट यांच्या आकड्यांनाही एक मर्यादा होती. शवविच्छेदन सगळ्यांचे होत नाही. कोडे सुटले नाही, डॉक्टरांना कुतूहल वाटले, नातेवाइकांनी संमती दिली, अशांचेच होते. जो सरळ निदान होऊन बरा झाला आणि घरी गेला, तो या हिशेबात येतच नाही. शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न तेथे दडून बसला होता. सतरा वर्षांनी पर्ल त्यालाच अडखळले.

त्यांचा तुलनागट आठवा: कर्करोग नसलेले, पण हॉपकिन्समध्येच मरण पावलेले आणि तेथेच शवविच्छेदन झालेले लोक. हे बाल्टिमोरचे सर्वसाधारण नागरिक नव्हेत. त्या काळात क्षय हे रुग्णालयात येण्याचे आणि तेथे मरण्याचे एक मोठे कारण होते. साहजिकच शवविच्छेदनाच्या वहीत क्षयाचे रुग्ण प्रमाणाबाहेर साठले होते. कर्करोगाच्या गटात क्षय कमी नव्हता. तुलनागटात तो जास्त होता. मोजपट्टीच लांब होती, म्हणून कापड आखूड भासले.

याची शहानिशा त्याच वर्षी झाली. मिनेसोटा विद्यापीठात कार्लसन आणि बेल या दोघांनी ११,१९५ शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या; मात्र तुलनेसाठी त्यांनी हृदयरोगाने मेलेल्यांना घेतले. दोन गटांतील क्षयाच्या प्रमाणात फरक उरला नाही. वैर नाहीसे झाले.

या फसगतीचे गणित पुढे १९४६ साली जोसेफ बर्कसन यांनी उलगडले. हे मिनेसोटातीलच प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये सांख्यिकीचे काम पाहत. त्या काळी पित्ताशयाचा दाह आणि मधुमेह यांचा संबंध आहे, असा समज होता आणि मधुमेहींचे पित्ताशय काढून टाकण्यापर्यंत काही डॉक्टरांची मजल गेली होती. बर्कसन यांनी दाखवले की, दोन रोगांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसला तरी रुग्णालयाच्या नोंदींत तो दिसू शकतो. पुढील आकडे मी समजण्यापुरते कल्पिलेले आहेत.

दहा हजार वस्तीचे गाव घ्या. त्यात मधुमेही १,००० आणि पित्ताशयाचा विकार असलेलेही १,०००. दोन रोगांचा संबंध नाही, म्हणून दोन्ही असलेले १००. म्हणजे गावातील मधुमेहींपैकी १० टक्क्यांना पित्ताशयाचा विकार. आता मधुमेहामुळे रुग्णालयात जाण्याची शक्यता १० टक्के आणि पित्ताशयामुळे २० टक्के धरा. केवळ मधुमेह असलेल्या ९०० जणांपैकी ९० दाखल होतील. परंतु ज्यांना दोन्ही आहेत त्यांना दाखल होण्याची दोन स्वतंत्र कारणे आहेत. त्या १०० पैकी २८ दाखल होतील. रुग्णालयातील मधुमेही झाले ११८ आणि त्यांपैकी २८ जणांना पित्ताशयाचा विकार. प्रमाण जवळजवळ २४ टक्के! गावात १०, रुग्णालयात २४. एकाही डॉक्टरचे निदान चुकलेले नाही. फक्त ज्यांना दोन दारे होती ते अधिक संख्येने आत आले. १९७८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी घरोघरच्या पाहणीची माहिती वापरून हा परिणाम प्रत्यक्षातही घडतो, हे दाखवून दिले.

मग रुग्णालयाच्या वह्यांतून खरे असे काही निघतच नाही काय? निघते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४० च्या दशकात केलेले काम याच रोजच्या वह्यांवर उभे आहे. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात सुमारे १० टक्के बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात सुमारे ४ टक्के. या आकड्यांचे बळ कशात होते? एक तर मोजायची गोष्ट मृत्यू ही होती. तिच्यात डॉक्टरांच्या मताला वाव नाही. दुसरे म्हणजे कोणती बाई कोणत्या विभागात जाणार हे वारावर ठरे. दोन्ही विभागांत आलटून-पालटून भरती होई. तिची प्रकृती, जात, ऐपत यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणजे पर्ल आणि बर्कसन यांच्या वाट्याला आलेला ‘कोण पोहोचतो’ हा प्रश्न व्हिएन्नाच्या भरतीच्या नियमाने आपोआप सोडवून टाकला होता. तरीही वही पूर्ण खरी नव्हतीच. पहिल्या विभागातील काही आजारी बाळंतिणींना दुसऱ्या वॉर्डांत हलवत आणि त्या तेथे दगावल्या तर तो मृत्यू प्रसूतिविभागाच्या नावे लागत नसे. सेमेलवाइस यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. खरा फरक वहीत दिसतो त्याहून मोठा होता.

येथवर नोंद करणारा निर्हेतुक आहे, असे आपण गृहीत धरले. परंतु रोगाच्या नावामागे पैसा किंवा शिक्षा लागली की, नावच बदलू लागते. ही गोष्ट रुग्णालयांहून जुनी आहे. १६६२ साली जॉन ग्राँट यांनी लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांचा अभ्यास केला. मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम तेव्हा वृद्ध स्त्रियांकडे असे. उपदंशाने मेलेल्याचे नाव पत्रकात फारसे सापडत नाही याचे ग्राँट यांनी दिलेले कारण असे की, थोडे मद्य आणि एका नाण्याऐवजी दोन नाणी मिळाली की त्या स्त्रिया दुसरे कारण लिहून देत.

आपल्या मुंबईत १८९६ मध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला, पण लोभापोटी नव्हे, तर भयापोटी. मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरमध्ये ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. पालिकेतील मंडळींना सुरुवातीला ते नाव नको होते. ‘संशयास्पद ताप’ म्हणणे सोयीचे होते. पुढे नाव मान्य झाले, तेव्हा त्यामागोमाग घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, कुटुंबाला वेगळे काढणे हे सारे आले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली नोंदवू लागले. परिणामी प्लेग म्हणून नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा नेहमीच्या सरासरीवर झालेले जादा मृत्यू कितीतरी अधिक भरले. त्या वर्षीच्या मुंबईचा अभ्यास करणाऱ्याने ‘प्लेग’ हा रकाना वाचण्यापेक्षा एकूण मृत्यूंची बेरीज वाचावी, ती अधिक प्रामाणिक आहे.

विसाव्या शतकात भयाची जागा बिलाने घेतली. अमेरिकेत १९७७ मध्ये तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रुग्णालयांतील डिस्चार्जच्या नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मुख्य निदान जेमतेम दोन-तृतीयांश नोंदींत जुळले. हा निव्वळ ढिलाईचा भाग. मग ऑक्टोबर १९८३ पासून वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी योजनेने रुग्णालयांना निदानगटानुसार ठरावीक रक्कम देण्यास आरंभ केला. गट वरचा तर रक्कम मोठी. डोनाल्ड सिम्बोर्ग यांनी १९८१ मध्येच इशारा दिला होता की, यातून निदाने हळूहळू वरच्या गटाकडे सरकतील. हा रुग्णालयातच जडणारा नवा रोग होय, अशी कोपरखळीही त्यांनी मारली होती.

१९८८ मध्ये २३९ रुग्णालयांतील ७,०५० केसपेपरांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. २०.८ टक्के नोंदींत निदानगट चुकला होता. चुका माणसाच्या हातून होतातच. पण चुका निव्वळ अनवधानाने झाल्या असत्या, तर निम्म्या रुग्णालयाच्या फायद्याच्या आणि निम्म्या तोट्याच्या निघाल्या असत्या. येथे ६१.७ टक्के चुका रुग्णालयाच्या फायद्याच्या होत्या. संशोधनाच्या दृष्टीने ही बाब साध्या चुकीपेक्षा घातक असते. इकडे-तिकडे विखुरलेल्या चुका मोठ्या संख्येत पुष्कळदा एकमेकींना छाटतात. एकाच दिशेच्या चुका साठत जातात. अशा नोंदी वाचणाऱ्याला त्या वर्षांत अमेरिकेतील वृद्ध अचानक अधिक आजारी झाले, असे वाटण्याचा धोका होता. बदलली होती ती बिलाची पद्धत.

यावर उपाय काय, याचे सर्वांत समंजस उत्तर मला डेन्मार्कमध्ये दिसते. तेथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक आहे आणि १९७७ पासून देशभरातील रुग्णालयांची निदाने एका राष्ट्रीय नोंदवहीत जमा होतात. कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले हे तेथे कळू शकते, कारण वही एका रुग्णालयाची नसून साऱ्या देशाची आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डॅनिश संशोधक एकेका निदानाचे मूळ केसपेपर काढून ते पडताळत राहतात. २०१५ मध्ये अशा पडताळण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नोंदलेले निदान खरे ठरण्याचे प्रमाण काही रोगांत १०० टक्के, तर काहींत १५ टक्क्यांहूनही कमी! कॅबट यांचा तक्ता शंभर वर्षांनी, संगणकाच्या युगात, पुन्हा लिहिला गेला असे म्हणता येईल.

आपल्याकडे आता नोंदी डिजिटल होत आहेत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा २०१८ पासूनची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांत उपचारांचे पैसे पॅकेजप्रमाणे मिळतात. या नोंदींचा प्रचंड साठा उद्या संशोधकांपुढे येईल. तेव्हा नमुन्यादाखल काही शे केसपेपर काढून, प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून, रोगागणिक अचूकतेचा आकडा सोबत छापण्याचा शिरस्ता पाडावा लागेल. ते काम कंटाळवाणे आहे आणि त्यासाठी कोणी सहजासहजी पैसे देत नाही.

मृत्यूच्या नोंदींची स्थिती तर समोरच आहे. २०२० साली भारतात नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू २२.५ टक्के होते. त्यासाठीच्या छापील नमुन्यातच डॉक्टरांना सूचना असते की, मृत्यूला कारण झालेला रोग, इजा किंवा गुंतागुंत लिहावी. हृदय बंद पडणे यासारखा मरणाचा केवळ प्रकार लिहू नये. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. तरीही वर्तमानपत्रातील निधनवार्तांप्रमाणेच या प्रमाणपत्रांच्या पहिल्या ओळीतही ‘हृदयक्रिया बंद पडून’ हेच कारण वारंवार लिहिलेले आढळते.